नाव घेणारे केंद्र : रेडिओ सिलोनच्या उदयास्ताचा विचार

रेडिओ सिलोनविषयी मराठीत आजवर जे लिहिले गेले, ते बहुतांशी आठवणींच्या अंगाने लिहिले गेले. बुधवारची रात्र, आठचा ठोका, ज्या घरी रेडिओ असे त्या घराच्या ओट्यावर जमलेली आळी, असा तो सारा ऐवज आहे. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु आठवण काढणे आणि मूल्यमापन करणे ही दोन वेगळी कामे होत. एखादी कादंबरी वा नाटक आपण जसे तपासतो, तसे एखादे नभोवाणी केंद्र तपासता येईल काय? माझ्या मते येईल. कारण केंद्र हेदेखील निवड, मांडणी आणि संबोधन या तीन गोष्टींतून घडते. आणि साहित्यकृती तरी वेगळ्या कशातून घडते? माझ्या पिढीने हे केंद्र उतरणीला लागल्यानंतर ऐकले. त्यामुळे त्याच्या वैभवाची भूल आम्हांस थोडी कमी पडली, हा या कामी लाभच समजावा.

प्रथम इतिहास पाहू. कोलंबोची नभोवाणी ही आशिया खंडातील आद्य नभोवाणी केंद्रांपैकी एक. तार खात्यातील एडवर्ड हार्पर या इंग्रज अभियंत्याने केलेल्या प्रयोगांतून १६ डिसेंबर १९२५ रोजी ती रीतसर सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील दोस्तसैन्याचे मुख्यालय सिलोनमध्ये आले. सैनिकांच्या करमणुकीसाठी 'रेडिओ सीॲक' स्थापन झाला आणि कोलंबोच्या उत्तरेस एकला या गावी १०० किलोवॅट शक्तीचा लघुलहरी प्रक्षेपक उभा राहिला. युद्ध संपले, सैनिक घरी गेले आणि ही यंत्रणा नवस्वतंत्र सिलोनच्या पदरात पडली. १९४९ मध्ये 'रेडिओ सिलोन' हे नाव रूढ झाले. ३० सप्टेंबर १९५० रोजी क्लिफर्ड डॉड या ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली त्याचा व्यापारी विभाग सुरू झाला. युद्धाचे शस्त्र गाण्यांच्या कामी आले, असे म्हणायला हरकत नाही.

आता या शस्त्राचा गुण पाहू. ज्याला आपण ए. एम. म्हणतो त्या पद्धतीत आवाजाच्या चढउतारानुसार वाहक लहरीची उंची बदलत जाते. या पद्धतीने मध्यम लहरीवर केलेले प्रक्षेपण दिवसा जमिनीला धरून काही अंतर जाते. रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून दूरवर पोचते. लघुलहरी तर त्या थरावर आपटून हजारो किलोमीटर पल्याड उतरतात. कोलंबो ते मुंबई हे सुमारे दीड हजार किलोमीटरांचे अंतर त्यांना जड नाही. याउलट आपली स्थिती पाहा. स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी ऑल इंडिया रेडिओची अवघी ६ केंद्रे आणि १८ प्रक्षेपक होते, देशाच्या २.५ टक्के क्षेत्रापर्यंत आणि ११ टक्के लोकांपर्यंतच त्यांचा आवाज पोचत होता. उरलेला भारत मोकळे आकाश होता. त्या आकाशात कोलंबोचा आवाज शिरला.

परंतु केवळ आवाज पोचल्याने केंद्र मोठे होत नाही. ते मोठे झाले ते १९५२ च्या एका वादामुळे, आणि हा वाद नीट पाहण्याजोगा आहे. त्या वर्षी डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटसंगीताविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण कमी करण्यात आले, गीते तपासून घेण्याचे ठरले, आणि शिवाय गाणे वाजवताना चित्रपटाचे नाव सांगायचे नाही असा दंडक आला. चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे त्याची जाहिरात करणे, अशी ही विचारसरणी होती. निर्मात्यांनी उलट आपल्या गीतांचे परवानेच काढून घेतले आणि काही महिन्यांत आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले.

येथे थांबून विचार करावासा वाटतो. भांडण वरवर पाहता अभिरुचीचे होते. पण त्याच्या मुळाशी प्रश्न होता नाव घेण्याचा. या प्रश्नाला थोडा पूर्वेतिहास आहे. १९४९ साली 'महल' चित्रपटाची ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेच्या नावाच्या जागी 'कामिनी' हे त्या चित्रपटातील पात्राचे नाव छापले होते. प्रत्यक्षात गाणाऱ्या लता मंगेशकर होत्या. हा आवाज कुणाचा, हे श्रोत्यांना रेडिओला पत्रे लिहून विचारावे लागले. कलावंत आहे पण त्याचे नाव नाही, अशा त्या काळात कोलंबोच्या निवेदकांनी प्रत्येक गाण्यापूर्वी चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे स्वच्छ, सावकाश उच्चारात सांगण्याचा परिपाठ ठेवला. शैलेंद्र, साहिर, मजरूह, शकील ही नावे खेड्यापाड्यांतल्या माणसांना ठाऊक झाली ती पुस्तकांतून नव्हे. मागचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अनाम लोकगीत आणि हे नवे गीत यांतला मोठा फरक हाच, की या गीताला कर्ता होता, आणि तो कर्ता कोण हे सांगणारा एक आवाज होता.

या केंद्राच्या सकाळच्या कार्यक्रमांची रचनाही तपासून पाहावी. 'एक ही फिल्म से' या कार्यक्रमात एका चित्रपटाची गाणी एकत्र ऐकवली जात. त्यामुळे श्रोत्याला एका संगीतकाराचा सलग विचार कळे. 'पुरानी फिल्मों का संगीत' हा कार्यक्रम आठाच्या ठोक्याला कुंदनलाल सैगल यांच्या गीताने संपे. सैगल १९४७ मध्येच निवर्तले होते. तरी एका केंद्राने त्यांना दररोज सकाळी, वर्षानुवर्षे, आपल्या दिवसाचा एक टप्पा करून ठेवले. आपल्या साहित्यात कोणत्या दिवंगत कवीला असा मान मिळाला? त्यानंतर 'आप ही के गीत' या फर्माइशीच्या कार्यक्रमात श्रोत्यांच्या नावांची माळ वाचली जाई. तेव्हाच्या बिहारमधील झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव या नामावळीमुळे देशाला ठाऊक झाले. या नावे वाचण्याची पुढे पुष्कळ टिंगल झाली. मला मात्र ते या केंद्राचे सर्वांत गंभीर कार्य वाटते. ज्या माणसाचे नाव शिधापत्रिकेखेरीज कोठेही लिहिले जात नव्हते, त्याचे नाव त्याच्या बायकामुलांसह समुद्रापलीकडून उच्चारले जात होते.

'बिनाका गीतमाला' हा या केंद्राचा सर्वांत गाजलेला कार्यक्रम ३ डिसेंबर १९५२ रोजी सुरू झाला. त्याचे निवेदक अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी निवर्तले, तेव्हा अनेकांना आपल्याच घरातील वडील माणूस गेल्याचे दुःख झाले. त्यांच्या शैलीचे मूळ मला त्यांच्या मातोश्रींच्या कार्यात दिसते. कुलसुम सयानी या गांधीजींच्या प्रेरणेने 'रहबर' नावाचे पत्र नवसाक्षरांसाठी काढीत असत. त्याची भाषा सोपी हिंदुस्थानी आणि लिप्या तीन : नागरी, उर्दू व गुजराती. या पत्राच्या कामात हातभार लावणारा मुलगा पुढे ध्वनिक्षेपकासमोर बसला, तेव्हा सर्वांना समजेल अशा भाषेत बोलण्याचा अभ्यास त्याचा झालेला होता. 'बहनों और भाइयों' या त्यांच्या संबोधनात बहिणी आधी येतात, हाही त्या संस्काराचाच भाग समजावा. आरंभीच्या कार्यक्रमात सात गाणी वाजत आणि लोकप्रियतेनुसार त्यांचा क्रम श्रोत्यांनी लावायचा असे. पन्नासेक पत्रे येतील अशी अपेक्षा होती. पहिल्याच खेपेस ९,००० आली आणि पुढे आठवड्याला ६५,००० पर्यंत मजल गेली, असे सयानींनी स्वतः सांगितले आहे.

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कोलंबोहून ऐकू येणारे हे प्रायोजित कार्यक्रम तयार होत मुंबईत, आणि तेथून ध्वनिमुद्रित होऊन विमानाने सिलोनला जात. आरंभीच्या दिवसांत त्यांचे ध्वनिमुद्रण धोबी तलावाजवळील सेंट झेवियर कॉलेजच्या वास्तूतील तंत्रसंस्थेत होत असे. सयानी तेथेच विद्यार्थी होते. वर्ग संपला की ते ध्वनिमुद्रण पाहायला जात, आणि जाहिरात वाचायला माणूस हवा होता म्हणून एके दिवशी पुढे झाले. जेझुइट फादरांच्या त्या वास्तूत एका मुसलमान तरुणाने सर्व हिंदुस्थानाशी बोलण्याची सुरुवात केली, हे आपण विसरू नये.

इतका गौरव केल्यानंतर दोषांकडे वळणे हे समीक्षकाचे कर्तव्य ठरते. पहिला दोष 'गीतमाला'च्या रचनेतच होता. श्रोत्यांचा कौल, ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीचे आकडे आणि श्रोता संघांची मते यांवरून गाण्यांना क्रमांक देण्याची प्रथा पुढे पडली. गाणे ऐकायचे की शर्यत पाहायची, असा संभ्रम तेथून सुरू झाला. पहिल्या क्रमांकाची उत्कंठा वाढवण्यात सयानींचे कसब असामान्य होते यात शंका नाही. पण क्रमांक न मिळालेले गाणे जणू नव्हतेच, ही सवय रसिकतेला बाधक ठरली. आज प्रत्येक गोष्ट किती जणांनी पाहिली यावरून तिची योग्यता ठरते. त्या रोगाचे पहिले लक्षण दंतमंजनाच्या त्या गोड कार्यक्रमात दिसते, असे मी म्हटले तर चाहते रागावतील. पण ते खरे आहे.

दुसरा दोष असा, की या केंद्राने गीत म्हणजे चित्रपटगीत हे समीकरण पक्के केले. येथे केसकरांना न्याय दिला पाहिजे. त्यांची थट्टा करणे सोपे आहे. परंतु १९५२ पासून अखिल भारतीय संगीत कार्यक्रम, त्याच वर्षी पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली वाद्यवृंद आणि १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलन या गोष्टी त्यांच्याच कारकिर्दीत उभ्या राहिल्या. संस्थानांचा आश्रय तुटलेल्या कलावंतांना त्या काळी आकाशवाणीने जगवले. मराठी भावगीतही आकाशवाणीच्याच अंगणात वाढले. १९५५ साली पुणे केंद्रावरून सुरू झालेले ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' हे त्याचे ठळक उदाहरण. असे काही निर्माण करणे रेडिओ सिलोनला कधी जमले नाही. त्याने गाणी निवडली, मांडली, सजवली; घडवली नाहीत. केसकरांची चूक चांगले संगीत देण्यात नव्हती. लोकांना जे आवडते त्याचे नावसुद्धा घेणार नाही, या हट्टात ती होती. शिकवू इच्छिणाऱ्याने शिष्याच्या आवडीचा अव्हेर केला, तर शिष्य उठून दुसऱ्या घरी जातो. हे शाळेत जितके खरे, तितकेच आम्हां प्रवचनकारांच्या बाबतीतही खरे आहे.

तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि आपल्या समाजाशी त्याचा जवळचा संबंध आहे. रेडिओ सिलोनने गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे घेतली. पण चौथे नाव कधी घेतले नाही. संगीतकाराला चाल सुचल्यावर ती वीस-पंचवीस व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, चेलो यांच्यात वाटून देणारा, दोन कडव्यांमधले संगीत कागदावर उतरवणारा जो संयोजक असे, तो त्या काळात बहुधा गोव्याचा ख्रिस्ती असे. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत चर्चच्या गायनवृंदासाठी मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. ती विद्या घेऊन हे लोक मुंबईत आले आणि चित्रपटसंगीताचा कणा बनले. शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा, पुढे 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे कोंकणी चित्रपट काढणारे फ्रँक फर्नांड, आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ही त्यांपैकी काही नावे. गोन्साल्विस यांनी १९५८ साली झेवियर कॉलेजच्याच प्रांगणात आपल्या वाद्यवृंदाची मैफल घडवली होती. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गीतातून गुरूचे नाव घराघरात पोचवले. पण ते नाव एका खऱ्या माणसाचे आहे हे ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

आता हा विरोधाभास पाहा. झेवियर कॉलेजच्या वास्तूत निवेदक नावांची माळ गुंफत होते. तेथून हाकेच्या अंतरावर, धोबी तलावाच्या परिसरातील गोवेकरांच्या कुडांत, त्याच गाण्यांतले वादक राहत होते. आणि त्यांचे नाव घेतले जात नव्हते. सारा दोष निवेदकांच्या माथी मारणे योग्य नव्हे. ध्वनिमुद्रिकेवर जे छापले जाई तेच ते वाचीत. आणि संयोजकाचे नाव छापण्याची चाल नव्हती. तरीही ज्या केंद्राचे वैभव नाव घेण्यावर उभे होते, त्याने ही एक रांग वगळली याची नोंद समीक्षेत राहिलीच पाहिजे.

या केंद्राच्या उतरणीची कारणे सांगताना दूरचित्रवाणी आणि एफ. एम. यांच्याकडे बोट दाखवण्याचा प्रघात आहे. कालक्रम पाहिला तर हे उत्तर अपुरे ठरते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी केसकरांच्याच खात्याने 'विविध भारती' सुरू केली. तिची धुरा कवी पंडित नरेंद्र शर्मा यांच्याकडे होती. ज्या नकारावर कोलंबोचे साम्राज्य उभे होते, तो नकार त्या दिवशी मागे घेतला गेला. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. जाहिरातदाराला आता समुद्र ओलांडण्याची गरज उरली नाही. म्हणजे दूरचित्रवाणी घरोघर येण्यापूर्वीच पायाचे दोन्ही दगड निखळले होते. १९८९ मध्ये 'गीतमाला'ही विविध भारतीवर आली. दुसऱ्याच्या चुकीवर मिळालेले मोठेपण ती चूक दुरुस्त होईपर्यंतच टिकते.

दुसरे कारण सिलोनच्या घरातले होते. १९६७ मध्ये केंद्राचे रूपांतर महामंडळात झाले. १९७२ मध्ये देश प्रजासत्ताक झाला आणि 'श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन' हे नाव आले. श्रोते मात्र जुनेच नाव घेत राहिले. ज्याने सर्वांची नावे सांगितली, त्याचे स्वतःचे नाव असे हरवले. शिवाय हे बेट स्वतःच भाषेच्या प्रश्नावर दुभंगत चालले होते. १९५६ च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली. १९८३ च्या दंगलींनंतर पेटलेले यादवी युद्ध २००९ पर्यंत चालले. एका छताखाली सिंहली, तमिळ, इंग्रजी आणि हिंदी बोलणारे केंद्र ज्या देशात होते, त्या देशात शेजाऱ्याची भाषा परकी झाली. अशा काळात परदेशातील श्रोत्यांना गाणी ऐकवण्यासाठी प्रक्षेपकांवर किती खर्च करावा, हा प्रश्न कोणत्याही शासनाला पडणारच. हिंदी विभागाचे तास घटत गेले. तरी पद्मिनी परेरा यांच्यासारख्या श्रीलंकेच्याच निवेदिकेने हिंदीतून तो वसा पुढे चालवला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

तिसरे कारण तांत्रिक. ए. एम. लहरीच्या उंचीवर विजेचा कडकडाट, यंत्रांची घरघर, नळदिव्यांची गुणगुण हे सारे स्वार होते. एफ. एम. पद्धतीत उंचीऐवजी कंपनसंख्या बदलते, म्हणून आवाज निर्मळ येतो. भारतात १९७७ साली मद्रासहून एफ. एम. सुरू झाले, २००१ पासून खासगी केंद्रे आली. निर्मळ आवाजाची किंमत मात्र अंतराने मोजावी लागली. एफ. एम.चा आवाज पन्नास-साठ किलोमीटरांत संपतो. प्रत्येक शहराचे केंद्र वेगळे झाले, आणि झुमरी तलैया व वसई एकाच वेळी एकच गाणे ऐकत आहेत ही जाणीव संपली. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीनेही मध्यम लहरींचे कित्येक प्रक्षेपक बंद केले आहेत. तेव्हा हा अस्त एकट्या कोलंबोचा नाही.

मग नेमके काय गमावले? गाणी गमावली नाहीत. आज ती कुणाच्याही खिशात असतात. खरखरीत आवाज गेल्याचे दुःख करण्याचेही कारण नाही. गेली ती मध्ये उभी असणारी व्यक्ती. जी गाण्याआधी क्षणभर थांबून ते कुणी लिहिले, कुणी बांधले, कुणी गायले आणि कुणी मागितले हे सांगत असे, ती व्यक्ती. खासगी एफ. एम.वर नावे क्वचितच ऐकू येतात. बोलण्याच्या ओघातच गाणे सुरू होते आणि संपण्याआधीच तोडले जाते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गायकाचे नाव दिसते, पण गीतकाराचे बहुधा शोधावे लागते. आपण पुन्हा 'कामिनी'च्या काळाकडे चाललो आहोत की काय, अशी शंका येते.

रेडिओ सिलोनविषयी माझा अभिप्राय असा : ते निर्मितीचे केंद्र नव्हते, ते ओळख करून देणारे केंद्र होते. दुसऱ्याच्या हट्टामुळे त्याला संधी मिळाली, व्यापाऱ्याच्या पैशावर ते चालले, आणि लोकप्रियतेला क्रमांक लावण्याची वाईट खोड त्याने आपल्याला लावली. परंतु श्रोता आणि कलावंत या दोघांनाही नावाने ओळखायचे असते हा धडा त्याने जितका दिला, तितका त्या काळातील कोणत्याही सरकारी संस्थेने दिला नाही. त्याचे हे श्रेय त्याच्या अस्तानेही कमी होत नाही.

जे नाव त्याने घेतले नाही, ते घेण्याचे काम मात्र आपल्यावर उरले आहे. आपल्या धर्मग्रामांत अशी घरे आहेत, जेथे भिंतीवर एखादे जुने व्हायोलिन टांगलेले आहे किंवा कपाटावर ट्रम्पेटची पेटी धूळ खात आहे. ते वाद्य कुणाचे होते, तो कोणत्या स्टुडिओत वाजवायला जात असे, कोणत्या गाण्यात त्याचे वाद्य ऐकू येते, हे सांगणारी माणसे आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना विचारावे, आणि ते जे सांगतील ते तारीख-वारासह वहीत उतरवून ठेवावे. पुढच्या पिढीने ते जुने गाणे लावले, तर निदान घरातल्या एकाला तरी ते चौथे नाव सांगता यावे.